जवळ दिलेली लेक

सोयरीक जोडताना यशवंतरावांचं माप ठरलेलं होतं. सकाळी न्याहारी करून निघावं, लेकीच्या घरी दुपारचं जेवावं आणि दिवेलागणीच्या आत आपल्या दारात चप्पल काढावी, एवढ्यात जे गाव बसेल तिथंच लेक द्यायची. त्यापलीकडचं स्थळ सोन्यानं मढवलेलं असलं तरी त्यांच्या लेखी परमुलूख. या मापानं त्यांनी थोरली जयमाला पुनावळ्याहून दिघीला दिली, आणि पुढं कित्येक दिवस ते भेटेल त्याला सांगत सुटले होते, की लेक नांदायला गेली असं वाटतच नाही, नुसती पलीकडच्या आळीत गेलीय.

हेच यशवंतराव आज जयमालाच्या सासरी सोफ्याच्या काठावर बसून हातातल्या फोनवर खेकसत होते.

"पुणे ते कॅलगरी इमान किती तास?"

फोनमधल्या बाईनं इंग्रजीत बरंच काही सांगितलं. त्यातलं कॅलगरी तेवढं त्यांना कळलं. मग पडद्यावर नकाशा आला. पुण्यातून निघालेली निळी रेघ पृथ्वीच्या डोक्यावरून वाकून थेट कॅनडात उतरली होती. खाली आकडे होते, जवळजवळ बारा हजार किलोमीटर आणि उड्डाणाला साधारण पंधरा तास.

"पंधरा तास म्हणं," यशवंतराव विहिणीला म्हणाले. "पर ह्या रेघंवरनं जाणारं इमान हाय कुठं? न्हाईच. आधी दिल्ली, मग आणिक कुठंतरी, मग तिथनं पुढं. आमच्या रोहिदासनं तिकिटं बघितली, सव्वीस तास दाखवतंय. उद्या लेकीला ताप आला तर मी काय ह्या रेघंवरनं चालत जाऊ?"

"खरं हाय पाव्हणं," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप पुढं सरकवला. शालनबाई म्हणजे जयमालाची सासू. आज त्यांचा चेहरा उजळलेला होता, कारण व्याही स्वतः सुनेला न्यायला आले होते.

भानगड होती धाकट्या मंजुषाची. ती चाकणला एका कंपनीत इंजिनिअर होती आणि तिला सांगून आलेला मुलगा तळेगावचाच असला तरी नोकरीला कॅलगरीत होता. मुलगा तिला आवडला होता. यशवंतरावांनी रागावून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं, नकाशे दाखवून पाहिले. पोरगी ढिम्म. संध्याकाळी मुलाकडच्यांचा फोन येणार होता आणि हो की नाही ते सांगायचं होतं. शेवटी मंजुषाच म्हणाली, ताईला आणा, ती काय म्हणते ते ऐकते आणि मग ठरवते. यशवंतरावांना वाटलं, जिंकलो. जवळ दिलेली सुखी लेक यापेक्षा दुसरा पुरावा तो कुठला?

आत जयमाला बॅग भरत होती. दोन साड्या घेतल्या, एक परत ठेवली, मग तीही घेतली. आईकडं दोन रात्री राहायला मिळणार, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि कुणीतरी येऊन नाही म्हणेल या भीतीनं ती दाराकडं बघत होती.

आता कुणी म्हणेल, दिघीहून पुनावळ्याला जायला एवढं काय ते अप्रूप? खाली तिची स्कूटर उभी होती. तिचा नवरा रणजीत तर रोज पुनावळ्याच्या वेशीपर्यंत जायचा, कारण त्याचं फरशांचं दुकान शेजारच्याच ताथवड्याला होतं. सगळं खरं. पण या घरचा रिवाज होता. सून माहेरी जायची ती माहेरचा माणूस न्यायला आला तरच. आपल्या पायानं उठून जाणारी सून म्हणजे सासरी सुख नाही असं चारचौघांत सांगत फिरणारी सून, असं शालनबाईंचं म्हणणं. लग्नकार्य असलं तर सगळ्यांनी मिळून जायचं आणि सगळ्यांबरोबर परतायचं. आणि माहेरी कुणी वारलं, तर मात्र तडक निघायचं, तिथं बोलावण्याची वाट बघायची नाही.

जयमालाला भाऊ नव्हता. पहिल्या दोन दिवाळ्यांना चुलतभाऊ रोहिदास मुराळी म्हणून आला, तिला मानानं घेऊन गेला. मग त्याच्या टेम्पोंचा धंदा वाढला. यशवंतरावांनी दुसरं कुणी धाडलंच नाही. लेक इतकी जवळ असताना न्यायला माणूस कशाला हवा, मनात आलं की येईल, असा त्यांचा हिशेब. पुनावळ्यात सगळ्यांना वाटायचं, जयमाला संसारात रमली. दिघीत वाटायचं, हिच्या माहेरच्यांना लेकीची कदर नाही. आणि दोन्हीकडची बोलणी खायला ती एकटी. मूल अजून झालं नव्हतं, त्यामुळं बाळंतपणाला माहेरी जायची जी हक्काची वाट असते तीही बंदच होती.

रणजीत वाईट नव्हता. "माझं काही नाही गं, आईला विचार," एवढंच म्हणायचा. असल्या चांगुलपणानं माणसाचा जीव घुसमटतो, पण त्याबद्दल तक्रार तरी काय करणार?

"दोन दिवस राहा निवांत," शालनबाई दारात येऊन म्हणाल्या. "वडील सोडायला येतीलच. मानानं न्यायला आले, मी मानानं धाडते."

जयमाला पाया पडली. देवाच्याही पडली. मग बॅग घेऊन ती इतक्या घाईनं जिना उतरली की यशवंतरावांच्याही आधी गाडीत जाऊन बसली.

गाडी दिघीतून निघाली तेव्हा दुपार कलली होती. भोसरीच्या अलीकडंच चाकणहून येणारे कंटेनर आणि शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या यांच्यामध्ये त्यांची गाडी सापडली. पुढं सरकेना, मागं जाता येईना. यशवंतरावांनी इंजिन बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. एरवी त्यांनी साऱ्या जगाचा उद्धार केला असता, पण आज ते खुशीत होते.

"तिला नीट समजावून सांग," ते म्हणाले. "तुझं ती ऐकती. म्हणावं, बघ, मी कशी जवळ हाय. सणासुदीला आईबापाच्या नजरंसमोर. दुखलंखुपलं तर अर्ध्या घंट्यात माणूस दारात."

"हं," जयमाला म्हणाली.

"आन् हे बी सांग, की लांब दिलेली पोरगी म्हंजी फोटोतली पोरगी. नुसतं बघायचं."

"हं."

नाशिक फाट्याच्या पुलावर पुन्हा सगळं थांबलं. जयमाला मनात वाक्यं जुळवत होती. मंजू, जवळ असलं की बरं असतं. मंजू, आबांचा विचार कर. त्यात अगदी खोटं असं काही नाही, असं ती स्वतःला बजावत होती. आणि समजा असलं खोटं, तर त्याच्या बदल्यात दोन रात्री मिळत होत्या. आईच्या हातचं जेवण, गच्चीवर मंजूशेजारी लोळणं, सकाळी कुणी हाक मारेपर्यंत न उठणं. शिवाय आबा खूश झाले की पुढच्या सणाला पुन्हा न्यायला येतील. एकदा वाट पडली की पडली. यासाठी माणूस चार वाक्यं बोलणार नाही का? ती तर चारशे बोलली असती.

पिंपळे सौदागर, वाकड, ताथवडे असं करत गाडी एकदाची पुनावळ्याच्या भुयारी मार्गाशी आली आणि तिथं मात्र ठप्प झाली. त्या चिंचोळ्या बोगद्यातून सगळं पुनावळं आत शिरायला बघतं आणि सगळं बाहेर पडायला. महामार्गाच्या पलीकडं त्यांची इमारत दिसत होती. खाली दुकानांचे गाळे, वर घर, आणि गच्चीवर आईची दोन लुगडी वाळत घातलेली. जयमालानं काच खाली केली. धूर आत आला तरी तिनं ती वर केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मंजुषाचा. यशवंतरावांनी बटण दाबलं आणि तिचा आवाज सगळ्या गाडीभर झाला.

"आबा, कुठंयत तुम्ही? मुलाकडच्यांचा लवकर फोन येणारे. ताई आहे का?"

"आहे गं," जयमाला म्हणाली.

"मग आत्ताच सांग. आबांनी तुला कशाला आणलंय ते मला माहितीये. पण तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. तू म्हणालीस नको, तर मी नाही म्हणून टाकते, आणि परत कधी तो विषय काढणार नाही."

यशवंतरावांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून खूण केली, सांग.

"मंजू, जवळ असलं की..." जयमालानं सुरुवात केली. पुढचं वाक्य तयार होतं, पण तोंडातून बाहेर पडेना. आपण आत्ता जे बोलू त्यानं ही पोर कायमची अडकेल, इथंच जवळ मोशीला नाहीतर चऱ्होलीला, अशाच एखाद्या घरात, हे तिला लख्ख दिसलं. "जवळ असलं की कुणी न्यायला येत नाही गं."

"म्हणजे?"

"मागच्या दोन वर्षांत मी घरी किती वेळा आले, आठव. थोरली काकी गेली तेव्हा. मग मारुतराव आजोबा गेले तेव्हा. मयताला तेवढं न्यायला कुणी आलं नाही तरी सोडतात. आता काय झालंय सांगू का? आईचा फोन येतो, अमकी आजारी आहे, तमक्याला दवाखान्यात ठेवलंय, आणि माझ्या मनात पहिलं येतं ते हे, की म्हणजे आता जायला मिळणार. मी मनातल्या मनात साडी काढून ठेवते. मागल्या महिन्यात आईला चक्कर आली म्हणून तू फोन केलास ना? तेव्हाही मला पहिलं तेच वाटलं. आपल्या आईबद्दल, मंजू."

शेजारी यशवंतरावांचा हात हवेतच राहिला होता.

"तू जा," जयमाला म्हणाली. "लांब जा. लांबून येणाऱ्या लेकीला घ्यायला सगळं घर विमानतळावर जातं."

"ताई," मंजुषा एवढंच म्हणाली. यशवंतरावांनी फोन तोडला.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. पुढची रांग हलली होती, बोगद्याचं तोंड मोकळं झालं होतं. यशवंतराव तिकडं बघतच राहिले. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पूर्ण वळवली.

"आबा, घर तिकडं आहे."

"म्हाईत हाय मला."

"मग कुठं निघालो आपण?"

"आज तू घरात पाऊल टाकलंस तर मंजू आजच पेटी भरील. तुझ्या आईपुढं बी हेच बोलशील तू."

जयमालानं थोडा विचार केला. अजूनही सावरून घेता आलं असतं. नाही बोलणार आबा, असं म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी गाडी पुन्हा वळवली असती. गच्चीवरची लुगडी अजून दिसत होती.

"बोलेन," ती म्हणाली.

"मग न्हाई," यशवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. ते रागानं आपल्याला परत नेत नाहीत, भीतीनं नेताहेत, हे जयमालाला कळत होतं. एक लेक हातची जाते आहे म्हणून त्यांना दुसरी डोळ्यांसमोरही नको झाली होती. हे कळून तिला त्यांची कीव आली आणि चीडही आली, आणि दोन्हींचा उपयोग शून्य होता.

परतीची बाजू मोकळी होती. सगळी गर्दी समोरून येणाऱ्या बाजूला. वाकड गेलं, नाशिक फाटा गेला, भोसरी गेली, कुठं ब्रेक लावायची वेळ आली नाही. गाडी एवढ्या सुखात कधी चालत नाही या रस्त्यानं, आणि जयमाला मनात म्हणत होती, अडकू दे, एखादा कंटेनर आडवा येऊ दे.

घराच्या फाटकासमोर यशवंतरावांनी गाडी उभी केली. खाली उतरले असते तर विहिणीला तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून ते बसूनच राहिले.

"मला कधी बोलली न्हाईस तू," ते समोर बघत म्हणाले.

"बोलले होते. तिसऱ्या दिवाळीला, फोनवर. रडत होते मी आबा. तुम्ही हसला होता. म्हणाला होता, शेजारच्या आळीत यायला तुला वरात धाडू का?"

यशवंतरावांना आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझ्या आईला काय सांगू? पुरण घालून बसलीय ती."

"सांगा, रस्ता बंद होता."

त्यांनी मान डोलावली. सुटका झाल्यासारखी डोलावली, ते तिला दिसलं. तिनं बॅग काढून घेतली आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.

"काय गं, गेलीस तशी आलीस?" शालनबाईंनी दारातच विचारलं.

"रस्ता बंद होता, आत्याबाई."

शालनबाईंनी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. त्यांचं माहेर चाकणजवळचं. भावानं कंपनीला जमीन दिली, पैशांवरून बोलाचाली झाली आणि त्यानंतर त्यांना न्यायला कुणी आलं नाही. त्यांनी त्याचा उच्चारही कधी केला नव्हता आणि स्वतःहून त्या कधी गेल्याही नव्हत्या. त्यांनी सुनेच्या हातातली बॅग घेतली, आत नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "बाप न्यायला आला, मी धाडली. माझ्याकडनं काय कमी न्हाई. आता वरीसभर मला कुनी बोल लावायचा न्हाई. हातपाय धू, भाकरी टाकायच्यात."

म्हणजे ही खेप माहेरपणात धरली गेली होती. दारापर्यंत जाऊन परत आलेली, तरी धरली गेली होती. जयमालानं दोन्ही साड्या कपाटात ठेवल्या आणि ती पीठ मळायला बसली.

पहिली भाकरी तव्यावर होती तेव्हा मंजुषाचा फोन आला.

"हो सांगितलं ताई," ती म्हणाली. "आबा आल्यापासून खोलीत बसलेत, कुणाशी बोलत नाहीत. आई रडतेय, पण म्हणाली जा. आबा म्हणाले रस्ता बंद होता म्हणून तू परत गेलीस. खरंच का?"

"खरंच," जयमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती हसतही होती. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. तिनं हातानं तोंड पुसलं तर गालाला पीठ लागलं.

"ऐक ना. लग्न वैशाखात म्हणताहेत. मग व्हिसा आला की जायचं. पुण्यातून आधी दिल्लीचं विमान, म्हणजे लोहगावातूनच निघणार मी. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तू येशील ना सोडायला? मला तू हवीस तिथं."

"थांब हं, विचारते."

शालनबाई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होत्या. जयमाला फोन हातात धरून त्यांच्यापुढं उभी राहिली आणि तिनं विचारलं. बहीण परदेशी निघालीय, विमानतळ इथंच आहे, तासाभरात जाऊन येईन.

शालनबाईंनी मान वर केली नाही. देठ खुडता खुडता त्या म्हणाल्या, "न्यायला कोण येनार?"

प्रश्नात काही खोच नव्हती. भाजीत मीठ किती, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. जयमालानं मनात एकेक माणूस आणून पाहिलं. आबा या दाराला आता पाय लावणार नव्हते. रोहिदासला सवड नव्हती आणि आबांच्या मर्जीबाहेर तो आला नसता. आईला कुणी एकटी सोडलं नसतं. राहता राहिली मंजू. ती आली असती, रिवाज बाजूला सारून, शालनबाईंशी भांडून, हाताला धरून घेऊन गेली असती. आख्ख्या माहेरात तेवढी एकच होती, पण त्या दिवशी निघणारी तीच, आणि तिला जयमालानं आज स्वतःच्या तोंडानं जा म्हणून सांगितलं होतं.

आत भाकरी करपल्याचा वास आला. फोनवर मंजुषा अजून वाट बघत होती. "काय गं ताई, काय म्हणाल्या? येशील ना?"

"तू पोचलीस की फोन कर," जयमाला म्हणाली.